पांढरे कार्ड आणि चौदा जिल्हे : आरोग्य योजनेची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत दवाखान्याची वेळ आली की आधी शिधापत्रिका शोधली जाते. ही सवय जुलै २०१२ पासूनची. राज्याची आरोग्य योजना (आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) तेव्हा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. त्यापूर्वी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांनी ज्वारी देऊन रुग्णालयाच्या खर्चाची सोय केली होती, पण तो प्रयोग त्या परिसरापुरता राहिला.

वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार पिवळ्या आणि केशरी कार्डांना मिळत. एक लाखाहून अधिक उत्पन्नाचे पांढरे कार्डवाले बाहेर होते. पुढे ‘शेतीसंकटग्रस्त चौदा जिल्ह्यां’तील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सामावून घेतले गेले आणि घोळ तिथेच झाला. या चौदांत मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि नागपूर विभागातला एकटा वर्धा. आत्महत्यांकडे पाहता निवड निराधार नव्हती. तरीही वर्धा नदीच्या एका काठाला, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे पऱ्हाटी (कापूस) लावणारा पात्र आणि दुसऱ्या काठाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीकडे तेच पीक घेणारा अपात्र, याचे समर्थन कठीण होते. शिवाय शेतकरी कोण, तर सातबाऱ्यावर नाव असलेला किंवा पटवाऱ्याचा दाखला आणणारा (तलाठ्याला इकडे पटवारीच म्हणतात). मक्त्याने शेती कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे ज्याच्यावर संकट अधिक, त्याचीच पात्रता दाखला देणाऱ्याच्या मर्जीवर राहिली.

एप्रिल २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना जोडली गेली, पण पाच लाखांचे संरक्षण २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीतील कुटुंबांनाच होते. १ जुलै २०२४ पासून ते सर्व कार्डधारकांना मिळू लागले.

आता कापूस विकून पैसा हाती आला की खासगी पॉलिसीचा हप्ता भरायचा का, यावर घरात बोलणे निघते. शासकीय योजनेत उपचार ठरावीक आणि रुग्णालयेही संलग्न असलेलीच. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तर सहसा दोहोंतही बसत नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के कर गेला, तेवढा हप्ता हलका झाला. मात्र पॉलिसी एकदा खंडित झाली की जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा (ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही), जी आता कमाल तीन वर्षे आहे, पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. घरात मधुमेहाचा रुग्ण असलेले लोक म्हणूनच हप्ता बंद करायला धजत नाहीत.