पटकथाकाराच्या भागांची प्रेक्षक-गुणांनुसार क्रमवारी

एखाद्या पटकथाकाराने लिहिलेले मालिकांचे भाग, प्रेक्षकांनी त्यांना दिलेल्या गुणांच्या सरासरीनुसार लावण्याच्या पद्धतीला ही संज्ञा वापरली जाते. तिचा नेहमीचा आधार म्हणजे १९९० मध्ये सुरू झालेला आणि १९९८ पासून अ‍ॅमेझॉनच्या मालकीचा असलेला आयएमडीबी हा माहितीसंग्रह. तेथे नोंदणी केलेले प्रेक्षक प्रत्येक भागाला १ ते १० गुण देतात.

नुसती सरासरी फसवी ठरते. समजा, मालिकेची एकूण सरासरी ८ आहे. एका भागाला २५ मतांतून ९ आणि दुसऱ्याला ४०० मतांतून ८.८ गुण मिळाले आहेत. प्रत्येक भागाच्या खात्यात ८ गुणांची १०० मते आधीच धरली, तर पहिला ८.२ वर उतरतो, दुसरा ८.६४ वर राहतो आणि क्रम उलटतो. भारित सरासरीचे मर्म एवढेच आहे.

गणिताने न सुटणारा प्रश्न श्रेयाचा आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेतील ‘ओझिमँडियस’ हा १५ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसारित झालेला भाग अशा याद्यांत हमखास वर असतो. लेखिका म्हणून त्यावर मॉइरा वॉली-बेकेट यांचे नाव आहे. मात्र पाच पर्वे साठत आलेला ताण त्याच भागात फुटतो आणि ती साठवण साऱ्या लेखकचमूची आहे. शिवाय शेवटच्या पर्वापर्यंत टिकलेला प्रेक्षक मुळातच मालिकेचा चाहता असतो, त्यामुळे उत्तरार्धातील भागांना गुण सढळ हाताने मिळतात. याउलट स्टीव्हन मॉफट यांचा ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील ‘ब्लिंक’ (२००७) ही बऱ्याच अंशी स्वतंत्र गोष्ट असल्याने त्याच्या गुणांतून लेखकाचा हात अधिक स्पष्ट दिसतो.

टीआरपी ही वेगळीच गोष्ट आहे. भारतात २०१५ पासून बार्क ही संस्था निवडक घरांत बसवलेल्या मीटरद्वारे, वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण टिपून प्रेक्षकसंख्येचा अंदाज काढते. प्रेक्षक भाग लावतो तेव्हा तो कसा निघणार हे त्याला ठाऊक नसते. म्हणून चांगल्या लेखनाचे फळ बरेचदा पुढच्या भागाच्या आकड्यात दिसते.

मराठवाड्यातील अभ्यासकाला दोन्ही साधने अपुरी पडतात. बार्कचे जाहीर होणारे साप्ताहिक मराठी आकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून असतात, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंतच्या आठ जिल्ह्यांचा कौल मुंबई-पुण्यात विरघळतो. मराठी दैनंदिन मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे बहुधा वेगवेगळी असतात. भागांना सहसा शीर्षक नसते, आणि प्रेक्षक ‘लग्नाचा एपिसोड’, ‘सासूने घराबाहेर काढलं तो एपिसोड’ असेच सांगतो. अशा वेळी गुण पटकथेला मिळाले की प्रसंगाला, हे वेगळे काढता येत नाही. बोलीचा मुद्दा तर निराळाच: ‘काय करायलास?’ हे वाक्य लातूरकराला घरचे वाटते, तर तेच इतरत्र कृत्रिम वाटू शकते. परंतु त्याचा गुण-दोष संवादलेखकाच्या पदरात पडायला हवा, पटकथाकाराच्या नव्हे.

त्यामुळे येथे अशी क्रमवारी करायचीच झाली, तर भागांचे दिनांक आणि श्रेयनामे स्वतः नोंदवून, निवडक भाग शहरातील व गावातील गटांना दाखवून, पटकथा व संवाद यांना स्वतंत्र गुण मागणे हाच त्यातल्या त्यात विश्वासार्ह मार्ग आहे. महाएपिसोडची तुलना महाएपिसोडशीच करावी. तासाभराच्या भागाला रोजच्या अर्ध्या तासाशेजारी बसवल्यास रोजचा भाग विनाकारण मागे पडतो.