फिश टँकचं प्लंबिंग

घरातल्या टँकमधलं पाणी फिल्टरकडे नेणारे आणि परत आणणारे पाईप, जोड, व्हॉल्व्ह या सगळ्याला मिळून टँकचं प्लंबिंग म्हणतात. छोट्या टँकमध्ये बुडवायचा फिल्टर असेल तर यातलं फारसं काही लागत नाही. खरं काम सुरू होतं ते खाली कपाटात संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी ठेवली की. टँकचं पाणी तिथे उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो.

सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पण एकाच दुकानात तीन वेगवेगळ्या मापांचे पाईप असतात आणि नवा माणूस तिथेच फसतो. एक इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, एक इंची सीपीव्हीसीचा २८.६ मिमी आणि शेतीच्या पीव्हीसी पाईपचा ३२ मिमी, त्यामुळे "एक इंची एल्बो द्या" म्हणून आणलेला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, घरच्या पाईपात बसेलच असं नाही, सगळं एकाच जातीचं घ्यायचं. टँकला पांढरं यूपीव्हीसी पुरतं, सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतं, इथे त्याचे जादा पैसे कशाला. पितळी आट्यांचे जोड मात्र टाळाच, त्यातलं तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना ते विष आहे, खाऱ्या पाण्यात तर जास्तच.

काचेतून पाईप काढायला टँक निपल, म्हणजे भोकात बसवून नटाने आवळायचा जोड, लागतो. आधी निपल विकत आणायचा, तो मोजायचा आणि मगच भोक पाडायचं, कारण एक इंची निपलला भोक एक इंचाचं नाही, बरंच मोठं लागतं आणि कंपनीगणिक माप बदलतं. भोकासाठी डायमंड होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, वर सतत पाणी, हात हलका. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला भोक पडत नाही, अख्खी काच चुरा होते, आणि रेडिमेड टँकचा तळ बऱ्याचदा टफन्डच असतो म्हणून विचारून घ्या. रबरी वायसर निपलच्या कॉलरच्या बाजूला, म्हणजे सहसा टँकच्या आतून बसतो. नटाकडे लावला तर नट फिरताना तो मुरगळतो आणि पाणी आट्यांमधून पाझरत राहतं. नट हाताने आवळून वर पान्याने पाव फेरा, बास. गळतंय म्हणून अजून आवळणारे लोक काच फोडून बसतात.

पाईप चिकटवायचं सोल्युशन लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघायचं आणि मार्करने खुणा करायच्या, कारण एकदा चिकटलेला जोड सुटत नाही, कापावाच लागतो. म्हणूनच पंपाजवळ युनियन, म्हणजे आट्यांनी खोलता येणारा जोड, हवा, तो नसेल तर पंप धुवायला काढताना दरवेळी करवत. पाण्याचा जोर कमी करायचा व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या लाईनवर टाकतात, पंप पाणी ओढतो त्या बाजूला नाही.

बहुतेकांचा घोळ होतो तो लाईट गेल्यावर. पंप बंद पडला की वरचं पाणी खाली येतं, शिवाय परतीच्या पाईपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर सायफन लागून तिकडूनही उतरतं. ९० बाय ४५ सेंमीच्या टँकमध्ये पातळी ५ सेंमी खाली आली म्हणजे साधारण २० लिटर पाणी, तेवढी जागा संपमध्ये रिकामी नसेल तर ते हॉलमध्ये. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, भरवशावर राहू नये, त्यात शेवाळ नाहीतर वाळूचा कण अडकला की तो नीट बंद होत नाही. त्यापेक्षा परतीचं तोंड पातळीच्या जरासंच खाली ठेवायचं, आणि पातळीच्या लगेच खाली पाईपला बारीक भोक पाडायचं, पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोकही शेवाळाने बुजतं, अधूनमधून टोकरत जावं.

सोल्युशन एक दिवस वाळू द्यायचं, मग मासे सोडायच्या आधी नुसतं पाणी फिरवायचं, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवायचा म्हणजे बारीक पाझरही दिसतो. मग मुद्दाम पंपाचं बटण बंद करून संप किती भरतो ते बघायचं, नंतर पंप चालू केल्यावर संपमधलं पाणी जिथे स्थिरावेल तिथे मार्करने रेघ मारायची आणि पंप चालू असताना त्या रेघेच्या वर कधीच पाणी भरायचं नाही.