पर्यावरण जनसुनावणी: हरकत कुणी, कधी आणि कशी द्यायची

गावाजवळ खाण, डिस्टिलरी किंवा रासायनिक कारखाना येणार असला की वर्तमानपत्रात 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी' अशी चौकटीतली सूचना छापून येते. त्या दिवशी मांडव भरतो, घोषणा होतात, माणसं घरी जातात. नंतर इतिवृत्त हाती आलं की त्यात सापडतं, 'ग्रामस्थांनी विरोध दर्शवला.' एवढंच.

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिचे नियम ठरवणाऱ्या 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत गणपूर्तीचीही (किमान हजेरीची) अट नाही, त्यामुळे किती हात वर झाले याला किंमत नाही. मुख्य म्हणजे निर्णय घेणारे तिथे बसलेलेच नसतात. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी असतात. प्रकल्पांचे आकार आणि परिणाम पाहून वर्ग पाडलेले असतात. पर्यावरण मंजुरी मात्र 'अ' वर्गातल्या प्रकल्पांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देतं, 'ब' वर्गातल्यांना सहसा राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण. त्यांच्यापुढे जातो तो कागद. म्हणून जे बोलायचं ते कागदावर हवं.

आधी वर्ग पाहा. 'ब' चे दोन भाग आहेत. 'ब-2' मध्ये जनसुनावणी नसतेच, तिथे सुनावणीची मागणी करत बसण्यापेक्षा प्राधिकरणाकडे थेट लेखी म्हणणं पाठवावं. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांनाही ती लागत नाही.

हरकत कोण देऊ शकतं, यावरून लोक विनाकारण मागे फिरतात. सातबारा नावावर असण्याची अट कुठेही नाही. कूळ, शेतमजूर, मच्छीमार, भाड्याने राहणारे, सगळे बोलू शकतात. बाहेरगावच्या पण खरोखर संबंध असलेल्या माणसाला लेखी म्हणणं देता येतं. कुणी टेबलावर सातबारा मागितलाच, तर कोणत्या नियमाखाली मागता ते लिहून द्या म्हणावं.

खरी अडचण अहवालाची, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या कंपनीच्या 'पर्यावरण आघात मूल्यांकन' अहवालाची. 'कार्यकारी सारांश' मराठीत मिळतो, पण तो पातळ असतो आणि अडचणीचं त्यात फारसं नसतं. मूळ मसुदा अहवाल बहुधा इंग्रजीत, शेकडो पानांचा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत पाहायला ठेवलेला असायला हवा. 'अजून आला नाही' असं उत्तर मिळालं तर तोंडी ऐकून परतू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. ती पोच हीच पुढे तुमची पहिली हरकत ठरते.

अहवालात सगळं वाचायला जमणार नाही. 'भूवापर' हा तक्ता मात्र सोडू नका. साधारण 10 किलोमीटर परिघातली शेती, वन, पाणी, ओसाड जमीन त्यात टक्केवारीने दिलेली असते. उपग्रहाचं चित्र उन्हाळ्यातलं असेल तर फक्त खरीप घेणारं शिवार त्यात ओसाड दिसू शकतं. अशा वेळी पीकपाहणीची नोंद असलेले सातबारे जोडा आणि पान क्रमांक देऊन विचारा. पाण्याचंही तसंच. 'आधारभूत माहिती' म्हणजे प्रकल्पाआधीच्या हवा-पाण्याची मोजणी. ती पावसाळा सोडून एका हंगामात होते. मार्च ते मे मध्ये झाली असेल तर पावसाळी ओढे कोरडेच सापडणार. त्यांची नावं, गट क्रमांक आणि प्रकल्पापासूनचं अंतर लिहून द्या.

'प्रकल्प नको' याला उत्तर द्यावं लागत नाही. 'पान अमुकवर आमची विहीर का नाही' याला द्यावं लागतं, कारण सुनावणीत आलेल्या महत्त्वाच्या पर्यावरणीय मुद्द्यांनुसार अंतिम अहवालात बदल करणं कंपनीवर बंधनकारक आहे. जमिनीच्या मोबदल्याच्या दराचा वाद इथे सुटणार नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात त्या हरकतींची वाट आणि मुदत वेगळी आहे.

मुदत सर्वात जास्त चुकते. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून म्हणणं मांडायला किमान 30 दिवस मिळायला हवेत. हे दिवस सुनावणीच्या आधीचे. सुनावणीनंतर महिना मिळतो असं समजून थांबलेल्यांची पत्रं इतिवृत्तात येत नाहीत. सूचना आणि सुनावणी यांत 30 दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर तोच पहिला मुद्दा लिहा आणि वर्तमानपत्राचं कात्रण जोडा. प्रत्येकाने नाव, गाव, सही, तारीख घालून स्वतंत्र पत्र द्यावं. एकाच मजकुराच्या छापील पत्रांचा गठ्ठा शेवटी एकच मुद्दा म्हणून नोंदला जातो.

सुनावणी संपली असं वाटलं तरी उठू नका. शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि तोवर निम्मा मांडव रिकामा झालेला असतो. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उभं राहून सांगा. चित्रीकरण चालू असतं. तरीही गाळला गेला तर आपल्या पत्राची प्रत पोचेसह मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला आणि कंपनीला थेट पाठवा.

मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस असतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे एक दिवसही नाही. मंजुरीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत येते, म्हणून सुनावणीनंतर काही महिने जाहिरातींचं पान रोज पाहायचं काम गावातल्या एकाकडे नेमून द्या.