सराई कायद्यात फुकट पाण्याचं कलम नाही
‘१८६७ च्या सराई कायद्यानुसार अडचणीत कुठल्याही हॉटेलात पाणी, शौचालय फुकट मिळणं तुमचा हक्क,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. २०२७ च्या सिंहस्थात नाशिकला येणाऱ्यांनी तरी त्यावर विसंबू नये.

कायदा खरा आहे, हक्क मात्र त्यात नाही. सराईची (म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेची) नोंदणी, विहिरींची स्वच्छता, पहारेकरी, दरपत्रक लावणं आणि मुक्कामी माणसाला साथीचा आजार झाल्यास पोलीस ठाण्यात तातडीने कळवणं, ही मालकाची कर्तव्यं त्यात आहेत. वाटसरूला फुकट पाण्याचा उल्लेखही नाही.

पंचवटीत भोवळ आलेल्या आजींना हॉटेलवाले आत बसवतात, ते माणुसकीने. तिथे कायद्याचा धाक दाखवणं मला मुळीच पटत नाही. हुज्जत घालण्यापेक्षा १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका खरोखरच मोफत आहे.