भीमेचे पाणी: मागणीमागचा इतिहास

सोलापुरात भीमा नदीसाठी झटणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचे काम सुरू झाले ते काठावरून. घाटावरचे निर्माल्य उचलायचे, जलपर्णी ओढून काढायची, विसर्जनाच्या दिवशी मूर्ती बाजूला घ्यायच्या. आज मात्र तिची मुख्य मागणी पाण्याची आहे, आणि ती समजण्यासाठी उजनी धरणातून नदीत पाणी सोडण्याचा वाद माहीत हवा.

ब्रिटिश काळात आदिला नदीवर बांधलेला, 1871 मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव शहराला पुरेनासा झाला. पुढे भार भीमेवर आला आणि 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर नदीचे वाहणे धरणाच्या दारांवर ठरू लागले. टाकळीजवळ शहराचा उपसा, खाली औजचा बंधारा. हा बंधारा भरण्यासाठी उन्हाळ्यात धरणातून एका वेळी पाच-सहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडावे लागे. त्यातले शहराच्या वाट्याला येई ते थोडेच.

भांडण इथेच आहे. धरणाच्या लाभक्षेत्रातले शेतकरी म्हणत, शहराच्या नावाखाली आमच्या कालव्याचे पाणी नदीत जाते. नदीकाठचे शेतकरी म्हणत, पाणी दारातून जाते आणि आमच्या मोटारींची वीज तोडली जाते. दोघांचेही खरे होते. उपाय म्हणून उजनी ते सोलापूर अशी सुमारे 110 किलोमीटरची, दिवसाला 170 दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी ठरली. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहराला ती हवीच होती. संस्थेनेही तिला कधी विरोध केला नाही.

संस्थेचा प्रश्न वेगळा आहे. शहरासाठी सोडलेले पाणी वाटेत मुरले, उडून गेले, असा हिशेब मांडला जातो. पण त्याच पाण्यावर पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या योजना चालत, काठच्या विहिरी जिवंत राहत, मासे तगत. शहराची गरज नळीतून भागू लागल्यावर नदीत पाणी सोडायचे कारणच उरणार नसेल, तर भीमा पावसाळ्यापुरती नदी राहील. पाणीवाटपाच्या बैठकीत शेतीचा, शहरांचा, उद्योगांचा वाटा मांडला जातो. नदीचा स्वतंत्र वाटा मांडायला कुणी नसते. हा आक्षेप आजवर कुणी नीट खोडलेला नाही.

2023-24 च्या दुष्काळाने त्याला धार आली. 2023 च्या पावसाळ्यात उजनी जेमतेम साठ टक्के भरले आणि पुढच्या जूनपर्यंत साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे 63 टीएमसीहून अधिक असलेल्या मृतसाठ्यातूनही, म्हणजे एरवी वापरात न धरल्या जाणाऱ्या तळाच्या पाण्यातूनही, उपसा झाला. अशा वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून येणारे सांडपाणी धरणात अधिकच दाट होते. त्याकडे बोट दाखवताना संस्था घरचाही हिशेब मागते: सोलापूरचे सांडपाणी नाल्यांवाटे सीना नदीला मिळते आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेत उतरते.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला, माढा-मोहोळची गावे पाण्यात गेली. तेव्हापासून पात्रातली अतिक्रमणे आणि पूररेषा हे विषयही संस्थेच्या निवेदनांत आले आहेत. पहिले कलम मात्र तेच आहे: उन्हाळ्यात औजपर्यंत किमान प्रवाह, आणि तो शहराच्या कोट्यातून न मोजता नदीच्या नावावर.