मलेरियाच्या जंतूचा कचरा डेपो

सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मैत्रिणीनं मला सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाची स्लाइड दाखवली. फिक्या गुलाबी तांबड्या पेशी, एकीत खड्याच्या अंगठीसारखं निळं-जांभळं वेटोळं. "अंगठी सगळेच बघतात. शेजारच्या पेशीत जंतू मोठा झालाय, त्याच्या अंगातले ठिपके बघ," ती म्हणाली. करपलेल्या मोहरीच्या भुग्यासारखे तपकिरी कण होते. "तो त्याचा कचरा."

पुणेकराला कचऱ्याचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मलेरियाचा जंतू, म्हणजे प्लास्मोडियम, तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातलं प्रथिन पचतं, पण उरलेलं लोहयुक्त हीम त्याला विषासारखं बाधतं. आपलं शरीर हीम मोडून टाकतं. त्याला ते जमत नाही. मग तो हीमचे स्फटिक करून आपल्या पचनाच्या पिशवीतच साठवतो. फुरसुंगीचा डेपोच, फक्त एका पेशीच्या आत! आणि डेपोचं फाटक बंद झालं की काय होतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मलेरियावरचं क्लोरोक्विन हे औषध नेमकं हेच फाटक बंद करायचं. पण फाल्सिपॅरम जातीचा जंतू क्लोरोक्विनलाच पिशवीबाहेर हाकलायला शिकला. आता नवं कुलूप हवं.

अशी काही कुलपं समुद्री स्पंजात सापडली आहेत. स्पंज हा प्राणी आहे, पण एकदा खडकाला चिकटला की जन्मभर तिथंच पाणी गाळत बसतो. पळता येत नाही, दात नाहीत, नख्या नाहीत. उरतं ते रसायनशास्त्र.

बारावी सायन्सवाल्यांना कार्बिलअमाइन चाचणी आठवत असेल. परीक्षानळीत अॅनिलिन, क्लोरोफॉर्म आणि पोटॅशचं अल्कोहोलमधलं द्रावण घालून जरा गरम केलं की असा भपकारा यायचा, की सर स्वतः उठून खिडक्या उघडायचे. आमच्या बॅचला तर डबा खाववला नव्हता. तो वास आयसोनायट्राइलचा. रेणूच्या टोकाला कार्बन आणि त्याला जोडलेला नायट्रोजन, अशी ही जोडी. अॅकँथेला, अॅक्सिनेला वगैरे स्पंजांत हीच जोडी टोकाला असलेले रेणू आढळतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजात मिळालेलं डायआयसोसायनोअॅडोसिएन त्यांपैकीच. या जोडीतला कार्बन हीममधल्या लोहाला धरून बसतो आणि स्फटिक बनणं अडतं. ज्या वासानं आम्ही पळालो, त्याच्या भाऊबंदांचं हे काम वाचून मला प्रॅक्टिकलच्या जर्नलची माफी मागावीशी वाटली.

प्लाकॉर्टिस स्पंजातल्या प्लाकॉर्टिनची तऱ्हा वेगळी. त्याच्यात दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात, आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधात असतात तसेच, आणि हीममधल्या लोहाशी गाठ पडली की तो सांधा तुटून जंतूची नासधूस करणारे तुकडे होतात.

सगळ्यात जास्त बोलबाला मात्र मॅन्झामाइन-एचा. १९८६ साली ओकिनावाच्या किनाऱ्यावरच्या हॅलिक्लोना स्पंजातून ते वेगळं केलं गेलं. नाव तिथल्या मांझामो या कड्यावरून. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच इंजेक्शननं उंदरांच्या रक्तातली जंतूंची वाढ ९० टक्क्यांहून जास्त रोखली गेली, आणि ४० टक्के उंदीर ६० दिवसांनंतरही बरे होते. मात्रा फार वाढली तर मात्र ते उंदरालाही मारतं. म्हणूनच 'समुद्रात मलेरियावर औषध' असल्या मथळ्यांवर माझा विश्वास बसत नाही. उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेत बहुतेक रेणू गळतात.

शिवाय माल आणायचा कुठून? औषधापुरते स्पंज ओरबाडायचे तर खडक उघडे पडतील. प्रयोगशाळेत मॅन्झामाइन बनवता येतं, पण पायऱ्या इतक्या की गोळीची किंमत ज्या गावांत मलेरिया आहे तिथं परवडणार नाही. एक वाट मात्र दिसते. काही स्पंजांच्या अंगात चाळीस टक्क्यांपर्यंत वस्तुमान जिवाणूंचंच असतं. मॅन्झामाइनवाल्या इंडोनेशियन स्पंजातून मायक्रोमोनोस्पोरा नावाचा जिवाणू वेगळा काढून वाढवला, तर मॅन्झामाइन-ए त्यानंही तयार केलं. स्पंज बहुधा नुसता घरमालक! हा भाडेकरू मात्र आपल्या ओळखीच्या गोतातला आहे: वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला वास आणणारे स्ट्रेप्टोमायसीस त्याचे नातलग.