पासवर्ड गेला, तरी खातं वाचलं

जुलै २०२२. क्लाउडफ्लेअर या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर मिनिटभरात एकच मेसेज आला: तुमचं वेळापत्रक बदललंय, या लिंकवर पाहा. लिंकमध्ये कंपनीचं नाव होतं. उघडणारं पान रोजच्या लॉगिनच्या पानासारखं हुबेहूब होतं आणि त्या पानाचा पत्ता नोंदवून चाळीस मिनिटंही झाली नव्हती. तिघांनी पासवर्ड टाकला. टाकताक्षणी तो टेलिग्रामवरून चोरांकडे पोचला आणि पानाने पुढे ओटीपी मागितला.

डाव तिथेच अडला. या कंपनीत ओटीपी नव्हताच. प्रत्येकाकडे पेनड्राइव्हसारखी दिसणारी सिक्युरिटी की होती आणि ती लावल्याशिवाय लॉगिन होत नव्हतं. त्याच सुमारास ट्विलिओ या कंपनीवर अशाच मेसेजचा हल्ला झाला. तिथे चोर आत शिरले आणि काही ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोचले.

ओटीपी कमी का पडतो? तो कुठल्या पानावर टाइप झाला, हे त्या सहा आकड्यांना कळत नाही. खोट्या पानावर दिलेला ओटीपी चोर मुदत संपण्याआधी खऱ्या पानावर वापरतो.

सिक्युरिटी कीचं, म्हणजे या किल्लीचं काम वेगळं चालतं. एखाद्या साइटवर नोंदवताना ती त्या साइटपुरती दोन डिजिटल चाव्यांची जोडी बनवते. सार्वजनिक चावी साइटकडे जाते, खासगी चावी चिपच्या बाहेर पडत नाही. लॉगिनच्या वेळी साइट एक नवा, यादृच्छिक आकडा पाठवते. ब्राउझर त्यात आपण प्रत्यक्ष कुठल्या पत्त्यावर आहोत ते जोडतो. तुम्ही किल्लीला बोट लावलंत की ती खासगी चावीने त्यावर डिजिटल सही करते आणि साइट ती सही सार्वजनिक चावीने तपासते. पत्त्यात एक टिंब किंवा एक आडवी रेघ जरी वेगळी असली, तरी त्या पत्त्यासाठी किल्लीकडे चावीच नसते. पत्ता जुळतो का हे ठरवायचं काम थकलेल्या, घाईतल्या डोळ्यांवर राहत नाही.

मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. फसलेल्या माणसाला ‘बघून क्लिक करायचं ना’ असं आपण सहज सुनावतो. तो अन्याय आहे. क्लाउडफ्लेअरचे लोक तर याच क्षेत्रातले होते. गूगलनेही २०१७ पासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना किल्ल्या दिल्या; त्यानंतर एकाचंही कामाचं खातं फिशिंगमुळे, म्हणजे अशा खोट्या मेसेज-पानांच्या फसवणुकीमुळे, गेल्याची नोंद झाली नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं.

मर्यादाही आहेत. लॉगिन झाल्यावर संगणकात शिरलेल्या व्हायरसला किल्ली रोखत नाही. खात्यात एसएमएसचा पर्याय चालू ठेवला, तर चोर त्याच वाटेने येतो. आपल्याकडचे बँकेचे व्यवहार अजून बहुतांशी ओटीपी आणि पिनवरच चालतात, तिथे हिचा उपयोग नाही.

घ्यायचीच तर दोन घ्या आणि दोन्ही नोंदवा, कारण किल्लीची नक्कल काढता येत नाही. एक सोबत, एक घरच्या कपाटात. सुरुवात ईमेलपासून करा; बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. खर्च परवडत नसेल, तर फोनमधली पासकी, म्हणजे फोनमध्येच साठवलेली अशी डिजिटल चावी, चालू करा. पत्ता तपासण्याचं हेच तंत्र तिच्यातही आहे आणि ती फुकट मिळते.